नाण्याखालचं नाणं : अमेरिकेची जुनी पुनर्टंकित तांब्याची नाणी जमवायला सुरुवात करताना

न्यू जर्सीच्या १७८७ सालच्या तांब्याच्या नाण्यावर एका बाजूला घोड्याचं डोकं आणि त्याखाली नांगर असतो, दुसऱ्या बाजूला ढाल. असं एखादं नाणं दिव्याखाली तिरपं धरलं, की कधी कधी घोड्याच्या मानेवर दोन-तीन पुसट अक्षरं दिसतात. ती आडवी किंवा खाली डोकं वर पाय अशी असतात आणि न्यू जर्सीच्या मजकुराशी त्यांचा मेळ बसत नाही. ती शेजारच्या कनेटिकट राज्याच्या नाण्यावरची असतात. कुणीतरी कनेटिकटचं नाणं घेतलं, न्यू जर्सीच्या साच्यांमध्ये ठेवलं आणि वरून दाब दिला. जुना छाप बराचसा दबला, पण पूर्ण गेला नाही.

अशा नाण्यांना आपण पुनर्टंकित म्हणतो. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. नाशिकजवळच्या जोगळटेंभीला १९०६ मध्ये नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. सुमारे १३,२५० नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारलेला होता. तो विजयाचा पुकारा होता. अमेरिकेतल्या तांब्याच्या नाण्यांमागचं कारण निराळं आहे. तिथे नफा होता, तांब्याची टंचाई होती आणि एका राज्याचं नाणं दुसऱ्या राज्यात कमी भावाने चालत होतं. हे कारण नीट समजलं, तर कोणत्या नाण्याखाली काय सापडू शकेल याचा अंदाज आपोआप येतो.

या छंदात नव्याने उतरणाऱ्याला माझं एकच आग्रहाचं सांगणं आहे. वरच्या नाण्याच्या मागे लागण्याआधी खालची नाणी शिका. पुनर्टंकित नाण्याची जादा किंमत आपण खालच्या नाण्यासाठी मोजतो. ते आपल्याला स्वतःला वाचता येत नसेल, तर आपण विकणाऱ्याच्या शब्दावर पैसे देत असतो.

ही नाणी झाली कशी

स्वातंत्र्य मिळाल्यावर अमेरिकेत काही वर्षं मध्यवर्ती टांकसाळ नव्हती. राज्यांना आपापली नाणी पाडायची मुभा होती. बाजारात ब्रिटिश आणि आयरिश हाफपेनी चालत आणि त्यांत खोट्या नाण्यांचा भरणा मोठा होता. व्हरमाँटने जून १७८५ मध्ये रूबेन हार्मन याला परवानगी दिली, त्याच वर्षी ऑक्टोबरात कनेटिकटने एका कंपनीला दिली. न्यू जर्सीने १ जून १७८६ रोजी थॉमस गोड्सबी, अल्बियन कॉक्स आणि वॉल्टर मोल्ड या तिघांशी तीस लाख नाण्यांचा करार केला. प्रत्येक नाणं १५० ग्रेन, म्हणजे ९.७२ ग्रॅम वजनाचं, पंधरा नाण्यांचा एक शिलिंग, आणि दहावा हिस्सा राज्याच्या तिजोरीत, असा तो हिशेब होता. कनेटिकटच्या नाण्याचं ठरलेलं वजन १४४ ग्रेन, म्हणजे ९.३३ ग्रॅम होतं. या नाण्यांना तेव्हाही आणि आजही सगळे ‘कॉपर’ म्हणतात. मीही इथे तोच शब्द वापरतो.

न्यू जर्सीच्या टांकसाळी रॉवे आणि मॉरिसटाउन इथे होत्या. पुढे मथायस ऑग्डेनच्या पुढाकाराने एलिझाबेथटाउनलाही काम चाललं. एडिसन-आयसेलिन भागातली मराठी मंडळी मेट्रोपार्कहून न्यू यॉर्कच्या गाडीत बसतात, तेव्हा वाटेत लागतं तेच हे रॉवे. त्यापुढचं एलिझाबेथ म्हणजे तेव्हाचं एलिझाबेथटाउन. रोजच्या रुळांलगतच हा सगळा इतिहास घडला आहे, आणि त्या भागात राहणाऱ्या नव्या संग्राहकाने न्यू जर्सीपासून सुरुवात करावी असं मला मनापासून वाटतं.

एलिझाबेथटाउनच्या कामात पुनर्टंकित नाणी विशेष आढळतात. कोरी चकती तयार करायची तर तांबं वितळवा, पत्रा लाटा, चकत्या कापा, एवढा खटाटोप. त्याऐवजी बाजारातली स्वस्त झालेली परकी कॉपर गोळा केली आणि सरळ साच्यात घातली, तर हे सगळं वाचतं. न्यू जर्सीचं कॉपर त्या राज्यात कर भरायला चालत असे, त्यामुळे त्याचा भाव टिकून होता. कनेटिकटची आणि खोटी ब्रिटिश नाणी मात्र घसरत गेली, आणि १७८९ च्या उन्हाळ्यात न्यू यॉर्कच्या बाजारात तांब्याच्या नाण्यांवरचा विश्वास उडाला तेव्हा पारच कोसळली. घसरलेलं नाणं घ्यायचं, त्यावर न टिकणाऱ्या नावाच्या जागी टिकणारं नाव उठवायचं, एवढाच हा व्यवहार. म्हणूनच साच्यावर १७८७ असलं, तरी एलिझाबेथटाउनची बरीचशी पुनर्टंकित नाणी त्यानंतर पाडलेली आहेत असं जाणकार मानतात. नाण्यावरचं साल हे साच्याचं साल असतं. नाणं पाडल्याचं वर्ष तेच असेल असं नाही.

पहिलं काम : एकच दालन निवडा

या विषयाला मुख्य दोन दालनं आहेत. एक राज्यांची कॉपर, १७८५ ते १७८९ या काळातली. दुसरं फिलाडेल्फियाच्या सरकारी टांकसाळीचे हाफ सेंट, त्यातही १७९५ आणि १७९७ सालचे. दोन्हीत खालचं नाणं शोधायची रीत वेगळी आहे, त्यामुळे दोन्हीकडे एकदम हात घालू नका. हाफ सेंटबद्दल पुढे थोडं सांगतो. नवशिक्यासाठी न्यू जर्सी बरी, कारण तिथे मॅरिस ५६-एन नावाचा एक प्रकार आहे.

एडवर्ड मॅरिस हा फिलाडेल्फियाचा डॉक्टर. त्याने १८८१ मध्ये न्यू जर्सीच्या नाण्यांचे साचे वर्गवार लावले. घोड्याच्या बाजूच्या साच्याला आकडा, ढालीच्या बाजूच्या साच्याला अक्षर. म्हणजे ५६-एन म्हटलं की घोड्याचा छप्पन्नावा साचा आणि ढालीचा ‘एन’ साचा. या छप्पन्नाव्या साच्यावरचा घोडा इतका विचित्र कोरला आहे की संग्राहक त्याला ‘उंटमुख्या’ म्हणूनच ओळखतात. नाकपुड्या पुढे आलेल्या, ओठ लोंबते, मान वाकडी. एकदा पाहिला की विसरत नाही. हा प्रकार दुर्मिळ नाही, तो बाजारात नेहमी मिळतो, आणि पुनर्टंकित नाणी यातच सर्वांत जास्त सापडतात. अभ्यासाला याहून सोयीचं नाणं नाही.

साच्यांचे असेच क्रमांक कनेटिकटसाठी मिलरचे आणि व्हरमाँटसाठी रायडरचे चालतात. ते पाठ करायची गरज नाही, पण विक्रेत्याच्या पाकिटावर लिहिलेला क्रमांक स्वतः पडताळून पाहायची सवय पहिल्या दिवसापासून लावा.

दुसरं काम : खालची नाणी हातात घ्या

संग्रहाची पहिली खरेदी पुनर्टंकित नाण्याची नको. आधी साधी, झिजलेली, स्वस्त अशी तीन नाणी घ्या. एक कनेटिकट कॉपर, एक आयरिश हाफपेनी आणि जमलं तर एक नोव्हा कॉन्स्टेलॅशियो. शेवटचं थोडं महाग पडतं, तेव्हा सुरुवातीला त्याच्या मोठ्या छायाचित्रावर भागवलं तरी चालेल. अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीचा संग्रह चित्रांसह इंटरनेटवर खुला आहे, आणि न्यूमन न्यूमिस्मॅटिक पोर्टलवर जुने लिलावांचे कॅटलॉग फुकट वाचता येतात. रोज रात्री अर्धा तास त्यात घालवला तरी डोळा बसायला लागतो.

या तीन नाण्यांवर काय कोरलेलं असतं ते नीट लक्षात ठेवा.

कनेटिकटच्या दर्शनी बाजूला एक अर्धपुतळा आणि ‘ऑक्टोरी कनेक’ ही अक्षरं. मागे बसलेली स्त्री, भोवती ‘इंदे एट लिब’, खाली साल. आयरिश हाफपेनीवर राजा जॉर्जचं डोकं आणि मागे वीणेसारखं हार्प वाद्य, त्याच्या वर ‘हायबर्निया’. नोव्हा कॉन्स्टेलॅशियोवर मधोमध एक डोळा, त्यातून सुटणारे किरण, किरणांमध्ये तेरा तारे. मागे माळेच्या आत वळणदार ‘यू एस’ आणि भोवती ‘लिबर्टास एट जस्टिशिया’. ही शेवटची नाणी बर्मिंगहॅमला पाडून अमेरिकेत आणलेली होती. ब्रिटिश हाफपेनीवर मागच्या बाजूला बसलेली ब्रिटानिया असते. ती कनेटिकटच्या स्त्रीशी इतकी मिळतीजुळती आहे की नुसता गुडघा किंवा पदराची घडी दिसली, तर दोन्हींपैकी कोणती हे सांगता येत नाही. अशा वेळी अक्षर मिळेपर्यंत निर्णय घेऊ नका.

तिसरं काम : तीन साधनं

दशांशाच्या दोन स्थळांपर्यंत ग्रॅम दाखवणारा छोटा काटा, पाच ते दहा पट मोठं दाखवणारं भिंग, आणि वाकवता येणारा एकच दिवा. खोलीतले बाकीचे दिवे बंद करा. दोन बाजूंनी उजेड आला की उठाव मरतो आणि खालची अक्षरं गायब होतात. महागडं मायक्रोस्कोप आत्ता घेऊ नका. चाळीस पट मोठं केलेल्या अक्षरात फक्त तांब्याचे खड्डे दिसतात, अक्षर दिसत नाही.

वजन आधी करा. न्यू जर्सीचं कोऱ्या चकतीवर पाडलेलं कॉपर ९.७२ ग्रॅमच्या आसपास असायला हवं, झीज धरून थोडं कमी. हलक्या खोट्या हाफपेनीवर पाडलेलं नाणं त्याहून बरंच खाली उतरतं. वजन एकटं काही सिद्ध करत नाही, पण हलकं वजन आणि अनोळखी अक्षर एकत्र आलं की शंका पक्की होत जाते.

चौथं काम : वाचन

यात वेळ घालवा. संग्राहकाचं खरं कसब इथे लागतं.

नाणं कडेने धरा. दिवा जवळजवळ आडवा, घड्याळाच्या दहाच्या बाजूला ठेवा, आणि नाणं बोटांमध्ये हळूहळू एक पूर्ण फेरी फिरवा. वरचा छाप वाचायचा नाही, असं मनाशी ठरवा. घोडा कुठे आहे हे तुम्हाला माहीत आहेच, आता त्याला विसरून जे घोड्याचं नाही तेच शोधा.

कुठे शोधायचं, यालाही कारण आहे. साच्यात जो भाग खोल कोरलेला असतो, तिथे नाण्यावर उठाव येतो. घोड्याची मान, ढालीचा मधला भाग ही अशी खोल ठिकाणं. जुन्या नाण्याचा उठाव तिथे साच्याच्या तळाला पूर्ण भिडत नाही, म्हणून तो बऱ्यापैकी वाचतो. मोकळ्या सपाट जागेत साचा थेट बसतो आणि जुनी अक्षरं चिरडून पसरतात, त्यांच्या कडा चपट्या आणि रुंद दिसतात. दाब कमी पडला असेल तर कडेलगतही बरंच उरतं. तेव्हा आधी मान, मग ढाल, मग कड, आणि सपाट जागा सर्वांत शेवटी.

माझ्या संग्रहातल्या एका उंटमुख्यावर घोड्याच्या मानेवर ‘एट’ मधली दोन इंग्रजी अक्षरं आडवी दिसतात आणि जबड्याखाली ‘लिब’ मधलं पहिलं अक्षर अर्धं. मागच्या बाजूला ढालीच्या उभ्या रेघांवरून एक वाकडी जाड रेष गेली आहे. ती पुतळ्याच्या डोक्यामागच्या फितीचं टोक आहे. एका बाजूला ‘एट लिब’ आणि दुसरीकडे फीत, म्हणजे खालचं नाणं कनेटिकट हे पक्कं झालं. एका बाजूला मिळालेल्या पुराव्याला दुसऱ्या बाजूने दुजोरा मिळेपर्यंत पाकिटावर काही लिहू नये, ही शिस्त लावून घ्या.

दोन ठिकाणी नवशिक्याची फसगत हमखास होते. न्यू जर्सीचा स्वतःचा मजकूर ‘नोव्हा सीझेरिया’ असा आहे. खाली ‘नोव्हा’ची अक्षरं दिसली की लोक नोव्हा कॉन्स्टेलॅशियो म्हणून नाचायला लागतात. पण तेच नाणं साच्यात दोनदा दाबलं गेलं असेल, तर पहिल्या दाबाचं ‘नोव्हा’ही असंच दिसणार. किरण, तारा किंवा ‘यू एस’ची वळणं दिसल्याशिवाय तो दावा मानू नका. दुसरी फसगत ‘कॉन’ या तीन इंग्रजी अक्षरांची. कनेटिकटच्या ‘कनेक’ची सुरुवात आणि ‘कॉन्स्टेलॅशियो’ची सुरुवात हीच तीन अक्षरं. चौथं अक्षर ‘एन’ की ‘एस’ हेच ठरवणारं. ते दिसत नसेल तर अक्षरांचा आकार आणि दोन अक्षरांमधली जागा खऱ्या नाण्याशी ताडून पाहा. मग उत्तर मिळतं, किंवा निदान चुकीचं उत्तर तरी टळतं.

ताडून पाहायची एक चांगली रीत आहे. तुमच्या नाण्याचं छायाचित्र काढा, संशयित खालच्या नाण्याचं स्वच्छ छायाचित्र त्याच मापात आणा, ते अर्धपारदर्शक करून पहिल्यावर ठेवा आणि फिरवत राहा. दोन अक्षरं एकदम जुळली आणि त्यांच्यामधलं अंतरही जुळलं, तर मोठं काम झालं. असं करता करता पुष्कळदा खालच्या नाण्याचा मिलर क्रमांकसुद्धा सापडतो. दुहेरी ओळख पटलेलं नाणं मग नुसतं पुनर्टंकित राहत नाही, त्याची पूर्ण कुंडली हातात येते.

जे पुनर्टंकित नाही ते ओळखा

खाली उमटलेली अक्षरं आरशातल्यासारखी उलट वाचली जात असतील, तर थांबा. दोन साचे मध्ये नाणं नसताना एकमेकांवर आपटले, की एका साच्याची खूण दुसऱ्यावर बसते आणि ती पुढच्या प्रत्येक नाण्यावर आरशातल्यासारखी उतरते. त्या साच्याच्या सगळ्या नाण्यांवर ती एकाच जागी असते. खालच्या नाण्याची अक्षरं आडवी-तिरपी कशीही असतील, पण नाणं फिरवून सरळ केल्यावर ती सुलट वाचता येतात. ही एक परीक्षा इतकी सोपी आणि भरवशाची आहे की प्रत्येक वेळी करावी.

अक्षरं किंवा चित्र आत ठोकलेलं, खड्ड्यासारखं असेल तर तो नंतर कुणी मारलेला शिक्का. आणि अक्षरं वरच्या छापाचीच, पण सरकलेली असतील तर दुहेरी दाब. या सगळ्यांना वेगवेगळे संग्राहक आहेत आणि वेगवेगळे भाव आहेत, पण पुनर्टंकित म्हणून त्यांचे पैसे देऊ नका.

हाफ सेंटचं थोडक्यात

फिलाडेल्फियाच्या टांकसाळीला सुरुवातीच्या वर्षांत चांगलं तांबं पुरेसं मिळत नसे. न्यू यॉर्कच्या टॅल्बट, ॲलम अँड ली या व्यापारी पेढीने बर्मिंगहॅमहून टोकन, म्हणजे नाण्यासारख्या खासगी चकत्या, पाडून आणले होते, १७९४ आणि १७९५ अशा सालांचे. त्यांवर एका बाजूला जहाज, दुसऱ्या बाजूला गठ्ठ्याजवळ उभी असलेली लिबर्टी, म्हणजे स्वातंत्र्यदेवता. टांकसाळीने ही टोकन घाऊक विकत घेतली आणि त्यांतून हाफ सेंटच्या चकत्या कापल्या. बिघडलेले मोठे सेंटही तसेच कापून वापरले.

कापून वापरले, यातच फरक आहे. टोकन जवळपास २९ मिलिमीटर रुंद, हाफ सेंट साडेतेवीसच्या आसपास. बाहेरचं कडं निघून गेल्यामुळे टोकनचा भोवतालचा मजकूर बहुतेक नाहीसा होतो. न्यू जर्सीच्या नाण्यात आपण कड तपासतो, इथे मध्यावर पाहायचं. जहाजाची शिडं, दोरखंड, उभ्या आकृतीचा हात किंवा पदर. कापलेल्या सेंटवर ‘वन सेंट’चे अवशेष किंवा पानांच्या माळेचा तुकडा दिसतो. वजनाचीही गंमत आहे. २७ डिसेंबर १७९५ ला वॉशिंग्टनने सेंटचं वजन २०८ ग्रेनवरून १६८ वर आणलं, आणि हाफ सेंटचं १०४ वरून ८४ वर, म्हणजे ६.७४ ग्रॅमवरून ५.४४ ग्रॅमवर. १७९५ चा हाफ सेंट तोलताना त्याच सालाच्या दोन वजनांचे प्रकार आहेत हे ध्यानात ठेवा, नाहीतर बरोबर वजनाचं नाणं संशयित वाटेल.

किंमत कशावर ठरते

साचेजोडीची दुर्मिळता आठ पायऱ्यांत सांगतात. आर-१ म्हणजे साडेबाराशेहून जास्त नाणी माहीत, आर-५ म्हणजे ३१ ते ७५, आर-६ म्हणजे १३ ते ३०, आर-७ म्हणजे ४ ते १२, आर-८ म्हणजे एक ते तीन. ही मोजपट्टी वरच्या नाण्याची. पुनर्टंकित नाण्यात आणखी दोन गोष्टी मिसळतात. खालचं नाणं कोणतं, आणि ते किती स्पष्ट दिसतं.

माझं मत विचाराल तर नवशिक्याने पैसे द्यायचे ते स्पष्टतेला. कनेटिकटवर पाडलेला उंटमुख्या दुर्मिळ नाही, पण खालच्या नाण्याची सहा अक्षरं आणि अर्धा चेहरा दिसणारा उंटमुख्या फार थोड्यांच्या नशिबी येतो. उलट ‘या जोडीचं माहीत असलेलं एकमेव’ अशी चिठ्ठी लावलेलं, पण डोळ्यांना काहीच न दिसणारं नाणं दुपटीने महाग असतं, आणि विकायच्या वेळी गिऱ्हाईकाला तेच दाखवताना घाम फुटतो. ‘एकमेव’ या शब्दापुढे खिसा घट्ट धरा. हे क्षेत्र अजून पूर्ण नोंदलेलं नाही, नवी नाणी ओळखली जातच असतात.

बऱ्यापैकी झिजलेलं साधं न्यू जर्सी कॉपर शे-दोनशे डॉलरांत मिळू शकतं. म्हणजे या छंदाची पायरी काही फार उंच नाही. घाई मात्र महाग पडते.

खरेदी

पहिलं नाणं शक्यतो नाण्यांच्या प्रदर्शनात, हातात घेऊन घ्या. विक्रेत्याला सरळ विचारा, “खालचं नाणं मला बोट ठेवून दाखवाल का?” चांगला विक्रेता आनंदाने दाखवतो, कारण त्यालाही ते शोधताना मजा आलेली असते. जो म्हणतो “मोठ्या संग्रहातून आलंय, विश्वास ठेवा”, त्याच्याकडून दुसरं काहीतरी घ्या. मोठ्या प्रमाणन संस्था सीलबंद डबीत नाणं देतात आणि चिठ्ठीवर पुनर्टंकित असल्याची नोंदही करतात. नाणं खरं आहे याची ती चांगली हमी. खालच्या नाण्याच्या ओळखीबाबत मात्र चिठ्ठी वाचून झाली तरी स्वतः पाहा.

खोट्या नाण्यांबद्दल एक गोष्ट या विषयात फार उपयोगी पडते. पुनर्टंकित नाण्यात खालचं नाणं साच्यात कोणत्या कोनात पडलं हे निव्वळ नशिबावर असे. म्हणून दोन नाण्यांवर तीच अक्षरं, त्याच जागी, त्याच कोनात असणं जवळपास अशक्य. जुन्या लिलावाच्या चित्रात तुमच्या नाण्यासारखंच हुबेहूब काही दिसलं, तर एकतर ते तुमचंच नाणं आहे, किंवा दोन्हींपैकी एक त्याची ओतीव नक्कल आहे. कडेवरची खोच, ओरखडा, खड्डे यांवरून निवाडा करा. ओतीव नकलेत अक्षरांच्या कडा साबणासारख्या गुळगुळीत आणि पृष्ठभागावर सूक्ष्म बुडबुडे असतात. विद्युत-लेपाने केलेल्या जुन्या नकलांच्या कडेवर भिंगाखाली जोडाची रेघ सापडते.

रंगाकडेही पाहा. सव्वादोनशे वर्षांचं तांबं तपकिरी असायला हवं, अगदी चॉकलेटी ते काळपट. गुलाबी किंवा नारिंगी झाक दिसली तर कुणीतरी घासलं आहे. एकसारखा सपाट काळा रंग दिसला तर घासून पुन्हा रंगवलं असण्याचा संभव.

अर्ली अमेरिकन कॉपर्स आणि कलोनियल कॉइन कलेक्टर्स क्लब या दोन संस्थांमध्ये याच नाण्यांवर जीव टाकणारी माणसं आहेत. वर्गणी फार नाही. नवशिक्याने पाठवलेल्या धूसर छायाचित्रावरही तिथली मंडळी तासन्‌तास डोकं घालतात.

सांभाळणं

आपल्या घरांत तांब्या-पितळेची भांडी चिंच-मीठ लावून लखलखीत करायची रीत आहे. नाण्याच्या बाबतीत हा हात आवरा. चिंच, लिंबू, व्हिनेगर, पॉलिशची पावडर, टूथपेस्ट, यांतलं काहीही लागलं की नाण्याची साय, म्हणजे वर्षानुवर्षांत चढलेला तपकिरी थर, जाते आणि ती परत येत नाही. मऊ केसांच्या ब्रशने धूळ झटकणं एवढंच नवशिक्याने करावं. हिरवट पावडरीसारखा गंज दिसला तर जाणत्याला दाखवा.

मऊ प्लास्टिकच्या स्वस्त पाकिटांतून काळाच्या ओघात एक चिकट हिरवट द्रव सुटतो आणि तांबं खातो. कापडी अस्तराचं छोटं पाकीट आणि त्यावर कागदी लिफाफा, ही जुन्या कॉपर संग्राहकांची पद्धत आजही उत्तम. मुंबई, कोकण, गोवा अशा दमट हवेत राहत असाल तर डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि पावसाळ्याआधी त्या बदला.

भारतात राहून ही नाणी मागवणाऱ्यांनी एक गोष्ट आधीच लक्षात घ्यावी. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं पुरावशेषात मोडतं आणि ते देशाबाहेर पाठवायला खाजगी माणसाला मोकळीक नाही. १७८७ चं कॉपर एकदा घरी आलं की पुढे अमेरिकेतल्या लिलावात विकायला परत पाठवणं सोपं राहत नाही. सीमाशुल्काचा दर आणि कागदपत्रं मागवण्याआधी विचारून घ्या. अमेरिकेत मुलगा-मुलगी, भाऊ-बहीण असेल तर विकायच्या बेताने घेतलेली नाणी तिकडेच ठेवलेली बरी.

नोंद कशी ठेवाल

प्रत्येक नाण्यामागे एक कार्ड करा. वजन, व्यास, वरच्या नाण्याचा क्रमांक, कुठून आणि कितीला घेतलं. त्याखाली खालच्या नाण्याची नोंद घड्याळाच्या काट्याने करा. घोडा सरळ धरल्यावर वरचा मध्य बारा मानायचा, आणि लिहायचं : “दर्शनी बाजू, साडेदहा ते बारा, ‘एट’ची दोन अक्षरं, माथा कडेकडे. मागची बाजू, ढालीच्या डाव्या कोपऱ्यापासून खाली फितीचं टोक.” जे खात्रीने दिसतं ते शाईने, जे वाटतं ते पेन्सिलीने. पुढच्या वर्षी डोळा आणखी तयार झालेला असेल, तेव्हा तेच नाणं पुन्हा दिव्याखाली घ्या आणि पेन्सिलीची ओळ तपासा. बहुतेक वेळा एखादं नवं अक्षर सापडतं, आणि मग ती ओळ खोडून शाईने लिहिता येते.